जुनी फियाट : वापरायची की जपायची?

अमेरिकेत १९६०च्या सुमारास फोर्ड फाल्कन, प्लायमाऊथ व्हॅलियंट अशा आटोपशीर मोटारी आल्या. भारतीय मध्यमवर्गाची आटोपशीर मोटार म्हणजे कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातील फियाट ११००. तिची १९६४ मधील 'डिलाइट' आवृत्ती पुढे 'पद्मिनी' या नावाने घरोघरी पोहोचली.

लातूर-नांदेडकडे अशी गाडी सांभाळताना हवामान साथही देते आणि परीक्षाही पाहते. कोरड्या हवेत पत्रा किनारपट्टीच्या मानाने कमी गंजतो. मात्र वैशाखाच्या उन्हात इंधनपंप तापतो, नळीतच पेट्रोलची वाफ होते आणि गाडी वाटेत बंद पडते. पंपावर ओले फडके ठेवणे हा त्यावरचा जुना उपाय. बोअरच्या जड पाण्याने रेडिएटरमध्ये क्षार साचतात. तेथे डिस्टिल्ड वॉटर व कूलंटच वापरावे. वीस टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलपुढे जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा टिकत नाहीत. ते बदलणे इष्ट.

खरा पेच इंजिनाचा आहे. सुटे भाग दुर्मीळ झाल्याने दुसरे इंजिन बसविण्याचा मोह होतो. परंतु २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपातील गाडीच 'व्हिंटेज' नोंदणीस पात्र ठरते. इंजिन वा सांगाड्यात मोठा बदल केल्यास ही पात्रता जाते. उलट, अशी नोंदणी मिळाल्यावर गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. म्हणून पान्याला हात घालण्यापूर्वीच मालकाने ठरवावे : गाडी फिरवायची आहे की वारसा म्हणून ठेवायची?