नवोदिताला मैदानात कधी उतरवावे?

होतकरू खेळाडूला पहिली संधी केव्हा द्यावी, हा वाद निवड समितीइतकाच आमच्या प्राध्यापक-कक्षातही रंगतो. लवकर उतरवला तर पोर करपते, असे एक पक्ष म्हणतो. बसवून ठेवला तर गंजतो, असे दुसरा. या वादासाठी अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील वाचकाला दाखले शोधत दूर जाण्याचे कारण नाही.

श्रीरामपूरच्या झहीर खानने बडोद्याकडून रणजी सामने खेळण्यास सुरुवात केली आणि वर्षभराच्या आतबाहेरच, ऑक्टोबर २००० मध्ये, तो नैरोबीत भारताकडून गोलंदाजी करीत होता. वय २१. संगमनेर तालुक्यातील आश्वी खुर्दच्या अजिंक्य रहाणेची कथा नेमकी उलटी. २००८-०९ च्या रणजी हंगामात मुंबईसाठी १०८९ धावा काढूनही कसोटी संघात त्याचे नाव आले ते नोव्हेंबर २०११ मध्ये. आणि तेथेही राखीव म्हणून सुमारे सोळा महिने बसल्यावर, शिखर धवनच्या हाताला दुखापत झाली म्हणून, मार्च २०१३ मध्ये दिल्लीत त्याला पदार्पण लाभले. धावा ७ आणि १!

अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर वेगवान गोलंदाजाचे शरीर हे झपाट्याने झिजणारे भांडवल आहे. ते कोठारात ठेवून वाढत नाही. झहीरला लवकर खेळवले ते म्हणूनच योग्य. त्याची उमेदवारी पदार्पणानंतर झाली, एवढेच. संघाबाहेर पडल्यावर २००६ मध्ये वूस्टरशायरकडून त्याने ७८ बळी घेतले, परतला, आणि २०११ च्या विश्वचषकात २१ बळी घेऊन शाहिद आफ्रिदीसह अग्रस्थानी राहिला. फलंदाजाला मात्र थांबणे परवडते, असे सर्रास मानले जाते. पण या थांबण्याची किंमत मोजतो कोण? पदार्पण फसले तर निवड समितीवर टीका होते. प्रतीक्षेत तरुणाची उमेदीची वर्षे गेली तर तिला कोणी जाब विचारत नाही. साहजिकच समित्यांचा कल थांबवण्याकडे असतो. (तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे शिकवणाऱ्या आमच्या तरुण सहकाऱ्यांना हे वेगळे सांगावयास नको.)

माझ्या मते 'केव्हा' या प्रश्नाला आपण अवास्तव महत्त्व देतो. खरा प्रश्न 'किती वेळा' हा आहे. दिल्लीनंतर रहाणे पुन्हा बाहेर बसला. परंतु सचिन तेंडुलकर निवृत्त होताच दक्षिण आफ्रिकेत त्याला सलग दोन कसोटी मिळाल्या आणि डरबनला त्याने नाबाद ५१ व ९६ धावा काढल्या. कराचीत १९८९ मध्ये पहिल्या डावात १५ धावांवर बाद झालेल्या सोळा वर्षांच्या सचिनलाही लगेच पुढची कसोटी मिळाली होती. नवोदिताची निवड करतानाच त्याला किमान चार-पाच कसोटींची हमी द्यावी, आणि ती जाहीरपणे द्यावी. दिल्लीतील त्या दोन डावांवरच रहाणेचा हिशेब मिटवला असता, तर डिसेंबर २०२० मध्ये मेलबर्नला कर्णधार म्हणून ११२ धावा काढण्यास तो तेथे नसता.