विश्लेषण : डोंगर तोच, मग ऋतू बदलला की वाट का बदलते? कुटुंबासह भटकंतीचे गणित काय?

पहिला पाऊस पडला की घराघरांतल्या आणि मित्रांच्या व्हॉट्सअॅप गटांवर एकच प्रश्न फिरू लागतो, ‘रविवारी कुठे?’ कोणीतरी धबधब्याची रील टाकतो, कोणी ‘मी गेलोय तिथे, एकदम सोपे आहे’ असे लिहितो आणि बेत ठरतो. तो ‘गेलोय’ म्हणणारा जानेवारीत गेला होता की जुलैमध्ये, हे मात्र कोणी विचारत नाही. सह्याद्रीत कोणती वाट सोपी आणि कोणती अवघड, हे ठरवण्यात या एका तपशिलाचा वाटा मोठा असतो. त्यातच बरोबर आठ वर्षांचे मूल आणि साठी ओलांडलेले आजी-आजोबा असतील, तर हिशेब आणखी बदलतो.

पावसाळ्यात ओढा अचानक का फुगतो?

सह्याद्रीचा बराचसा भाग बेसॉल्ट खडकाचा, म्हणजे आपल्या काळ्या कातळाचा आहे. त्यावर मातीचा थर पातळ. अरबी समुद्रावरून आलेले बाष्पयुक्त वारे या भिंतीवर आदळून वर चढतात, थंड होतात आणि घाटमाथ्यावर बदाबदा कोसळतात. कातळ पाणी फारसे मुरू देत नाही. त्यामुळे वरच्या पठारावर पडलेला पाऊस तासाभरातच, कधी त्याहूनही लवकर, खालच्या ओढ्यात उतरतो. खाली ऊन पडलेले असताना ओढा चढतो तो यामुळेच.

३० जून २०२४ रोजी, रविवारी दुपारी, लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्यातील एका कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यांत एक महिला आणि चार मुले होती. प्रवाहाच्या मधोमध खडकावर एकमेकांना धरून उभ्या असलेल्या त्या कुटुंबाची चित्रफीत राज्यभर पाहिली गेली. ते कोणत्याही अवघड कड्यावर चढले नव्हते. पाणी वाढले आणि परतीची वाट बंद झाली, एवढेच झाले होते.

‘पाणी गुडघाभरच आहे’ हे वाक्य डोंगरात सर्वाधिक फसवे. वाहत्या पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की पायावरचा दाब चौपट, तिप्पट झाला की नऊपट. शिवाय मोठ्या माणसाच्या गुडघ्याएवढे पाणी म्हणजे पाच वर्षांच्या मुलाच्या कमरेएवढे. पायाखाली शेवाळलेला कातळ असेल तर पकड जवळपास नाहीच. मुलाचा हात धरलेला बापही अशा वेळी एका हाताने आणि डळमळत्या पायांनीच उभा असतो.

ओढा फुगण्याआधी खुणा दिसतात. पाणी अचानक गढूळ होते, पाने-काटक्या वाहत येऊ लागतात, आवाज जड होतो. यातली एकही खूण दिसली तर मोबाइल, डबा, चपला जिथे असतील तिथे सोडून काठ गाठायचा. ओढा ओलांडून पलीकडे गेलेल्यांनी पाणी उतरेपर्यंत पलीकडेच थांबायचे. कोरड्या जागी तीन-चार तास उपाशी बसण्याने कोणाचा जीव जात नाही.

हवामान खात्याचा इशारा कसा वाचायचा?

अनेक जण मोबाइलवर पुण्याचे किंवा मुंबईचे हवामान बघून निघतात. इथेच पहिली गफलत होते. पुणे शहरात रिमझिम असताना तासाभराच्या अंतरावरच्या घाटमाथ्यावर धुवाधार पाऊस असतो. म्हणून हवामान खाते पुणे, सातारा, कोल्हापूर अशा जिल्ह्यांसाठी घाट परिसराचा इशारा वेगळा देते. बघायचा तो हा. ढोबळमानाने नारिंगी इशारा म्हणजे चोवीस तासांत सुमारे ११५ ते २०४ मिलिमीटर पाऊस, लाल म्हणजे त्याहूनही अधिक. नारिंगी इशारा असताना लहान मुलांना घेऊन ओढे ओलांडावे लागणारी वाट धरणे हा जुगार आहे. मग भले आठ जणांच्या सुट्ट्या आधीच मंजूर झालेल्या असोत.

सलग काही दिवस कोसळणाऱ्या पावसात उतारावरची भिजलेली मातीही सुटते. रायगड जिल्ह्यातील इर्शाळगडाकडे जाणारी नेहमीची वाट ज्या वाडीतून जात असे, ती इर्शाळवाडी १९ जुलै २०२३च्या रात्री दरडीखाली गाडली गेली. २७ मृतदेह हाती लागले, कितीतरी जण सापडलेच नाहीत.

मग पावसाळ्यात कुटुंबाने जायचेच नाही का?

जावे, पण बांधीव पायऱ्या असलेला आणि मोठा ओढा आडवा न येणारा डोंगर निवडून. मळवलीजवळचा लोहगड हे त्याचे नेहमीचे उदाहरण. पायथ्याच्या गावापासून पायऱ्या आहेत, दरवाजांची माळ आहे आणि विंचूकाट्यावरून ढग अंगावर येताना दिसतात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या मराठा लष्करी स्थापत्याच्या १२ किल्ल्यांत तो आहे. अडचण आहे ती गर्दीची. २०२३च्या पावसाळ्यात एका रविवारी याच पायऱ्यांवर हजारो लोक तासन्‌तास अडकून पडले होते. ना वर जाता येईना, ना खाली. अरुंद दरवाजा, ओल्या पायऱ्या आणि मागून रेटा, अशा कोंडीत खांद्यावर मूल घेऊन उभे राहणे धोक्याचेच. शनिवार-रविवार टाळता येत नसेल तर सकाळी सातला पायथा गाठावा आणि गर्दी वर येऊ लागली की आपण उतरायला लागावे.

पाऊस सरल्यावर काय बदलते?

सप्टेंबर-ऑक्टोबर हा मुलांना डोंगराची गोडी लावायचा काळ. सोनकीने पठारे पिवळी होतात, तेरडा फुलतो. कारवी बहुतेक ठिकाणी सात-आठ वर्षांतून एकदा सामूहिक फुलते. तो योग आला तर शाळेत निबंधाला विषय मिळालाच म्हणून समजा. वाटेत मात्र कमरेएवढे गवत असते. पाऊल कुठे पडते ते दिसत नाही, सापही दिसत नाही. पुढच्याने काठी आपटत चालावे आणि सर्वांच्या पायांत घोट्यापर्यंतचे बूट असावेत. ऑक्टोबरच्या उन्हाचा अंदाजही अनेकांचा चुकतो. सगळे हिरवे दिसते म्हणून पाणी कमी घेतले जाते.

हिवाळ्यात वेळेचे गणित का चुकते?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सर्वांत सुखाचा मोसम. दिवस लहान असतो, हीच त्यातली मेख. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि झाडीत त्याआधीच अंधारते.

किती वेळ लागेल, याचा एक जुना ठोकताळा आहे. विल्यम नाईस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये तो मांडला. सपाटीवर दर पाच किलोमीटरला एक तास आणि त्यात चढाईच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास. हे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाईला (१,६४६ मीटर) लावून पाहू. बारी गावातून चाल एका बाजूने पाच-सहा किलोमीटर, चढ साधारण आठशे ते नऊशे मीटर. म्हणजे वर जायला अडीच ते पावणेतीन तास. हे झाले न थांबता चालणाऱ्या धडधाकट माणसाचे. मुले, ज्येष्ठ, लोखंडी शिड्यांवरची रांग, लिंबू-सरबत आणि फोटो धरून दीडपट केले की चार तास. वर देवीचे दर्शन आणि डबा यांत एक तास. उतरायला तीन. एकूण आठ तास. सकाळी दहाला चढायला लागलेले कुटुंब संध्याकाळी सहाला, म्हणजे अंधार पडता पडता खाली पोहोचते, तेही कोणाचा पाय मुरगळला नाही तर. सातला निघाले तर हाताशी तीन तास उरतात.

उतरायला कमी वेळ लागतो हे खरे, पण दुखापती उताराला जास्त होतात. मांडीचे स्नायू शरीराचा वेग रोखत राहतात, प्रत्येक पावलाचा धक्का गुडघ्यावर येतो आणि थकलेले मन बेसावध झालेले असते. साठीच्या माणसासाठी गावात मिळणारी बांबूची काठी महागड्या बुटांपेक्षा जास्त कामाची ठरते.

हिवाळा-उन्हाळ्यात आणखी एका पाहुण्याचे भान लागते, ते म्हणजे आग्या मोहोळ. किल्ल्यांच्या कड्यांवर, कमानींखाली ही पोळी लटकलेली असतात. धूर, उग्र अत्तर, दगड मारणे किंवा आरडाओरडा यांनी माश्या उठतात आणि मग मागच्या-पुढच्या सगळ्यांनाच झोडपतात. दुसऱ्याच कोणीतरी पेटवलेल्या शेकोटीची शिक्षा तिसऱ्या कुटुंबाला झाल्याचे प्रकारही घडतात. माश्या उठल्याच तर तोंड-डोके कापडाने झाकून तिथून शक्य तितके दूर जायचे. मात्र कड्याच्या दिशेने धावायचे नाही.

उन्हाळ्यात धोका कशाचा?

पाण्याचा, घसाऱ्याचा आणि वणव्याचा. चालताना माणशी तासाला अर्धा लिटर पाणी धरले, तर पाच जणांच्या कुटुंबाला सहा तासांसाठी १५ लिटर लागते, म्हणजे १५ किलो वजन. मुलांच्या पाठीवर ते देता येत नाही, मग दोघा मोठ्यांच्या सॅकमध्ये साडेसात-साडेसात किलो फक्त पाणीच. गडावर टाके आहे, असे नकाशात लिहिलेले असते. एप्रिलमध्ये त्यात पाणी आहे का, हे पायथ्याच्या गावातच कळते. या आकड्याकडे पाहिले की उन्हाळ्यात तीन तासांत उरकणारा, पहाटे चढून नऊच्या आत उतरता येईल असाच डोंगर का निवडावा, हे वेगळे सांगावे लागत नाही. करवंदे आणि जांभळे पायथ्यालाही मिळतात.

वणव्याकडे मात्र फारच कमी लोक लक्ष देतात. ११ मार्च २०१८ रोजी तमिळनाडूतील थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरावर उतरणारा पदभ्रमण करणाऱ्यांचा गट वणव्यात सापडला आणि २० हून अधिक जणांचा मृत्यू झाला. फेब्रुवारीनंतर सह्याद्रीतले गवतही तसेच कोळ झालेले असते. आग चढावर वेगाने धावते, कारण ज्वाळांची धग वरच्या गवताला आधीच तापवून ठेवते. चढावर माणूस आगीला मागे टाकू शकत नाही. त्यामुळे धूर खालून येत असेल तर वर पळण्याऐवजी आडवे सरकून उघडा कातळ, आधीच जळून गेलेला पट्टा किंवा पाण्याची जागा गाठणे हाच त्यातल्या त्यात बरा पर्याय. डोंगरात विडी-सिगारेट आणि चूल नको, हे सांगायची वेळ येऊ नये, पण येते.

मेच्या अखेरीस वळवाचे ढग जमू लागले की भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाचीकडे काजवे पाहायला झुंबड उडते. नर-मादी एकमेकांना प्रकाशाच्या खुणांनीच शोधतात. विजेऱ्या आणि गाड्यांचे दिवे त्यात अडथळा आणतात, म्हणून दिवे बंद ठेवूनच बसावे.

गट फुटतो तो कुठे?

बहुतेक वेळा दुफाट्यावर. तरुण मंडळी पुढे निघून जातात, आजोबा आणि नातू मागे राहतात, फोनला रेंज नसते. फाटा आला की शेवटचा माणूस डोळ्यांना दिसेपर्यंत थांबायचे, हा नियम निघतानाच सर्वांना सांगावा. सर्वांत पुढे वाट माहीत असलेला, सर्वांत मागे अनुभवी आणि न कुरकुरणारा माणूस. दुसरी चूक इतकी सवयीची आहे की ती चूक वाटत नाही. पुढचे लोक दहा मिनिटे टेकतात, मागचे धापा टाकत पोहोचतात आणि ते आले की पुढचे म्हणतात, ‘चला, निघूया.’ ज्याला विश्रांतीची सर्वाधिक गरज, त्यालाच ती मिळत नाही. मागचा पोहोचल्यावर पाच मिनिटे मोजावीत आणि मग उठावे.

परत फिरण्याची वेळही पायथ्यालाच ठरवलेली बरी. ‘साडेबारा वाजता जिथे असू तिथून मागे’ असे घरून निघतानाच ठरले असेल, तर माथा वीस मिनिटांवर दिसत असताना वाद होत नाही. किंवा होतो, पण लवकर मिटतो.

घरी राहिलेल्या एकाला डोंगराचे, पायथ्याच्या गावाचे नाव, कोणत्या वाटेने चढणार ती वाट, गटातील माणसांची संख्या आणि उतरण्याची अपेक्षित वेळ लिहून पाठवावी. अडचण आली तर ११२ क्रमांक आहेच, आणि लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारखी पथके व राज्यभरातील गिर्यारोहकांचे बचाव समन्वय केंद्र स्वयंसेवकांच्या बळावर धावून येते. त्यांना शोधाची सुरुवात कुठून करायची हे त्या चार ओळींवरून कळते. पथक पोहोचेपर्यंत काही तास जातात. तोवर जखमीपाशी एक जण थांबवून बाकीच्यांनी, विशेषतः मुलांनी, उजेड असेतो गावात उतरावे.