पाटीवरची अक्षरे आणि सर्जनची खरी पात्रता

रत्नागिरीत ऑपरेशनचा विषय निघाला की घरात दोन तट पडतात. एक म्हणतो सिव्हिलला दाखवू, नाहीतर डेरवणच्या रुग्णालयात नेऊ. दुसरा म्हणतो, जिवाशी खेळ कशाला, सरळ मुंबई नाहीतर कोल्हापूर गाठू. तिथे ‘लंडन रिटर्न’ सर्जन आहे. मग डॉक्टरांच्या नावापुढची अक्षरे पुराव्यासारखी पुढे येतात. एम.एस., डीएनबी, एफआरसीएस, एफआयएजीईएस. अक्षरे जितकी जास्त तितका डॉक्टर मोठा, आणि त्यात एफआरसीएस असेल तर विचारायलाच नको, असा आपला हिशेब असतो. हा हिशेब बऱ्याच ठिकाणी चुकतो.

एफआरसीएसपासूनच सुरुवात करू, कारण कोकणी मनावर या अक्षरांचा पगडा सर्वांत जुना आहे. ही विद्यापीठाची पदवी आहे असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ती रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्स या संस्थेची फेलोशिप. एडिंबरा, ग्लासगो, आयर्लंड आणि इंग्लंड अशी चार वेगवेगळी कॉलेजे आहेत. एडिंबराचे मूळ १५०५ मधल्या न्हावी-सर्जनांच्या संघटनेत आहे. लंडनच्या कॉलेजाला सनद मिळाली १८०० मध्ये आणि तिथे फेलोशिप सुरू झाली १८४३ मध्ये. शस्त्रक्रिया करणारे एकेकाळी विद्यापीठात शिकलेले वैद्य नव्हते, कारागीर होते. म्हणूनच आजही ब्रिटनमध्ये फिजिशियनला ‘डॉक्टर’ म्हणतात आणि सर्जन मात्र अभिमानाने ‘मिस्टर’ म्हणवून घेतो. तिकडच्या एखाद्या सर्जनच्या पत्रावर ‘मिस्टर’ दिसले तर तो डॉक्टर नाही असे समजू नये.

जुनी एफआरसीएस आणि आजची एफआरसीएस या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जुन्या पद्धतीत प्राथमिक आणि अंतिम अशा दोन पायऱ्या असत. परीक्षा अवघड होती, पण ती पास होणे म्हणजे पुढच्या खास प्रशिक्षणाच्या दारात उभे राहणे; प्रशिक्षण संपल्याचा तो दाखला नव्हता. गोव्यातल्या शिरोड्यात जन्मलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर १९२७ मध्ये मुंबईत एम.डी. झाले आणि १९३१ मध्ये इंग्लंडची एफआरसीएस घेऊन परतले. मात्र त्यांचे नाव जगभर झाले ते मुंबईत काम करताना. वारंवार गर्भपात होणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशयमुखाला घालायचा टाका त्यांनी १९५५ मध्ये जगापुढे मांडला. युरोपातल्या प्रसूतिगृहांतही तो ‘शिरोडकर टाका’ म्हणूनच ओळखला जातो. विलायतेहून शिकून आलेला माणूस विलायतेला शिकवू लागला, हे आपल्याकडे पुरेसे सांगितले जात नाही.

१९९० च्या दशकात ब्रिटनने ही रचना बदलली. आता सुरुवातीच्या टप्प्यावर एमआरसीएस आणि प्रशिक्षणाच्या अखेरीस विषयवार एफआरसीएस असते. त्यामुळे नव्या एफआरसीएसपुढे कंसात जनरल सर्जरी, अस्थिशल्य, मूत्रशल्य असा विषय लिहिलेला असतो. याशिवाय काही ज्येष्ठ सर्जनांना परीक्षा न घेता सन्मान म्हणूनही फेलोशिप दिली जाते. म्हणजे त्याच चार अक्षरांमागे साठ वर्षांपूर्वीची प्रवेशपरीक्षा असू शकते, आजची अंतिम परीक्षा असू शकते किंवा नुसता मान. आणि एमआरसीएस म्हणजे आपल्या एम.एस.च्या वरची पायरी, ही समजूत तर पार उलटी आहे. ती परीक्षा तिथला तरुण डॉक्टर खास सर्जरीच्या प्रशिक्षणात शिरण्याआधी देतो.

शिवाय ब्रिटनमध्ये परीक्षा पास होणे पुरत नाही. एमबीबीएसनंतर दोन वर्षे फाउंडेशन, दोन वर्षे मूलभूत सर्जरी, त्यानंतर जनरल सर्जरीसाठी साधारण सहा वर्षे असा हा रस्ता आहे. दरवर्षी मूल्यमापन होते, लॉगबुकात प्रत्येक ऑपरेशनची नोंद होते आणि ठरावीक शस्त्रक्रियांचे अपेक्षित आकडे अभ्यासक्रमातच दिलेले असतात. हे सगळे झाल्यावर प्रशिक्षण पूर्ण केल्याचा दाखला मिळतो आणि जनरल मेडिकल कौन्सिलच्या तज्ज्ञ नोंदवहीत नाव चढते. १९९७ पासून या नोंदवहीत नाव असल्याशिवाय सरकारी आरोग्यसेवेत कायमचा कन्सल्टंट होता येत नाही. तिथे खरे वजन त्या नोंदीला आहे. आपण इकडे फेलोशिपलाच सर्वस्व मानून बसतो.

‘युरोपियन बोर्ड’ ही अक्षरे अलीकडे पाट्यांवर दिसू लागली आहेत. त्यावरून संपूर्ण युरोपची एकच परीक्षा आहे आणि ती दिली की पॅरिसपासून प्रागपर्यंत कुठेही ऑपरेशन करता येते, असा समज होतो. तसे नाही. युरोपातल्या तज्ज्ञ डॉक्टरांची संघटना १९५८ मध्ये स्थापन झाली. तिच्या विषयवार मंडळांच्या परीक्षा प्रतिष्ठेच्या आहेत, पण बहुतेक ठिकाणी त्या गुणवत्तेची मोहोर आहेत, परवाना नव्हेत. परवाना प्रत्येक देश आपला आपण देतो. युरोपीय संघाने २००५ च्या निर्देशानुसार किमान मुदत तेवढी ठरवली आहे. जनरल सर्जरी, न्यूरोसर्जरी, अस्थिशल्य, प्लास्टिक सर्जरी यांना किमान पाच वर्षे. नेत्र आणि कान-नाक-घसा यांना किमान तीन. ही किमान अट पाळली की एका सदस्य देशाची तज्ज्ञता दुसऱ्या सदस्य देशात आपोआप मान्य होते. पण ही सवलत संघात मिळवलेल्या तज्ज्ञतेला आहे. रत्नागिरीहून गेलेल्या एम.एस.ला तिचा थेट उपयोग नाही.

त्यातही प्रत्येक देशाची रीत वेगळी. स्पेनमध्ये देशव्यापी प्रवेशपरीक्षा होते आणि जनरल सर्जरीला पाच वर्षे लागतात. जर्मनीत आपल्या नीट-पीजीसारखी परीक्षाच नाही. तिथे डॉक्टर रुग्णालयात नोकरीसाठी अर्ज करतो, पगार घेत शिकतो, आणि साधारण सहा वर्षांनी, ठरलेल्या संख्येने शस्त्रक्रिया केल्याच्या नोंदी दाखवून, आपल्या प्रांताच्या वैद्यक मंडळापुढे तोंडी परीक्षा देतो. अशी मंडळे जर्मनीत सतरा आहेत. लेखी अंतिम पेपर नाही म्हटल्यावर आपल्याकडचे पालक थोडे चपापतात. पण सहा वर्षे ज्याच्या हाताखाली काम केले त्या प्रमुखाची सही मिळवणे हे तीन तासांच्या पेपरापेक्षा सोपे नसते.

मग आपल्या तीन वर्षांच्या एम.एस.ला अर्धवट म्हणायचे का? हा प्रश्न गावोगावी विचारला जातो आणि त्याचे सरळ हो-नाही उत्तर नाही. एमबीबीएसची साडेपाच वर्षे, त्यातले एक इंटर्नशिपचे, मग नीट-पीजी, मग तीन वर्षे एम.एस. किंवा डीएनबी, हृदय, मेंदू, मूत्रशल्य, प्लास्टिक सर्जरी यांसाठी पुढे आणखी तीन वर्षे एम.सीएच. अशी आपली वाट आहे. युरोपीय संघात कामाच्या वेळेवर आठवड्याला सरासरी ४८ तासांची मर्यादा आहे. आपल्या सरकारी रुग्णालयातल्या निवासी डॉक्टरला ४८ तासांचा आठवडा म्हणजे चैन वाटेल. त्यामुळे नुसती वर्षे मोजून तुलना होत नाही. खरा फरक दुसरीकडे आहे. ब्रिटन-जर्मनीत कोणती शस्त्रक्रिया किती वेळा केली हे पात्रतेचाच भाग आहे. आपल्याकडे लॉगबुक बंधनकारक आहे, पण निवासी डॉक्टरांच्या भाषेत ‘कटिंग’ किती मिळाले हे कॉलेजवर, युनिटवर आणि कधी कधी सरांच्या मर्जीवर ठरते. एकाच पदवीचे दोन सर्जन त्यामुळे हाताने फार वेगळे निघू शकतात. आपल्या व्यवस्थेतली ही उणीव मान्य करायला हवी. तीन वर्षांचा मुद्दा त्यापुढे गौण आहे.

डीएनबीला एम.एस.पेक्षा कमी लेखण्याची सवयही अशीच बिनबुडाची. १९७५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय परीक्षा मंडळाची ही पात्रता कायद्याने एम.एस.च्या बरोबरीची आहे.

सिव्हिलमध्ये ‘शिकाऊ डॉक्टर माणसांवर हात साफ करतात’ ही तक्रारही नेहमीची. रत्नागिरीत २०२३ मध्ये शंभर जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यापासून ती जास्त ऐकू येते. इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. एमबीबीएसचा विद्यार्थी ऑपरेशन करत नाही. पदव्युत्तर निवासी डॉक्टर करतो, पण तो नोंदणीकृत डॉक्टर असतो आणि वरिष्ठाच्या देखरेखीखाली काम करतो. राष्ट्रीय नियमांनुसार एम.डी., एम.एस. करणाऱ्या प्रत्येकाला तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढावेच लागतात. लंडन किंवा म्युनिकमध्येही सर्जन असाच घडतो. मोठ्या रुग्णालयाच्या थिएटरात, वरिष्ठ शेजारी उभा असताना. शिकाऊ हात नसलेले शिक्षण-रुग्णालय जगात कुठेही नाही.

परदेशी मान्यतेबद्दल दोन्ही बाजूंनी गैरसमज आहेत. इथला एम.एस. इंग्लंडात चालतो, असे जुन्या पिढीला वाटते, कारण एकेकाळी भारतीय पदव्यांना तिथे मान्यता होती. १९३० मध्ये ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने ती रोखली, त्या वादातून १९३३ चा कायदा आणि आपली मेडिकल कौन्सिल जन्माला आली. पुढे मान्यता परत मिळाली, पण १९७५ मध्ये ब्रिटनने भारतीय पदव्यांची थेट मान्यता पुन्हा काढली. तेव्हापासून परीक्षा देणे आले; आज प्लॅब किंवा एमआरसीएससारखी मान्य पात्रता, जोडीला इंग्रजीची चाचणी. जर्मनीत वैद्यकीय जर्मनची वेगळी परीक्षा द्यावी लागते. उलट बाजूने, २००८ मध्ये केंद्र सरकारने ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या पाच देशांच्या, तिथे तज्ज्ञ म्हणून मान्य असलेल्या पदव्युत्तर पात्रता भारतात मान्य केल्या. जर्मनी आणि फ्रान्स त्या यादीत नाहीत. ‘युरोपात शिकला म्हणजे इथे आपोआप तज्ज्ञ’ हा हिशेब म्हणूनच लागू होत नाही.

आता लांबलचक पाटीकडे. एफआयएजीईएस ही पोटाची दुर्बिणीने शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनांच्या भारतीय संघटनेची फेलोशिप. एफआयसीएस ही १९३५ मध्ये जिनिव्हात स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संस्थेची. त्या खोट्या नाहीत. सर्जन नवे शिकत राहतो याची ती खूण आहे. पण एम.एस.सारखी वर्षानुवर्षांची रेसिडेन्सी त्यांच्यामागे नसते. एम.एस. ही दोन अक्षरेही पुरती बोलकी नाहीत. आयुर्वेदातल्या शल्य आणि शालाक्य तंत्राच्या पदव्युत्तर पदवीलाही एम.एस. (आयुर्वेद) म्हणतात. २०२० च्या नोव्हेंबरात केंद्रीय भारतीय चिकित्सा परिषदेने त्या पदवीधरांनी शिकायच्या ५८ शस्त्रक्रियांची यादी जाहीर केली, त्यावरून डिसेंबरात देशभर डॉक्टरांचा संप झाला. वाद कोणाला कसाही वाटो, आपल्यावर ऑपरेशन करणारा कोणत्या शाखेचा आहे हे जाणून घेण्याचा रुग्णाला हक्क आहे.

डॉक्टर मोठा असला की कायदा त्याला हात लावत नाही, असेही म्हणतात. याचे सर्वांत ठळक उत्तर रत्नागिरी जिल्ह्यातूनच आले आहे. मे १९५३ मध्ये गुहागरजवळच्या पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर एका वीस वर्षांच्या तरुणाची मांडी मोडली. स्थानिक डॉक्टरांनी लाकडी पट्ट्या बांधल्या आणि सुमारे दोनशे मैलांचा प्रवास करून त्याला पुण्याच्या नामांकित सर्जनकडे नेले. हाड बसवताना भूल न देता जास्त जोर लावला, असा निष्कर्ष न्यायालयांनी काढला. तरुण त्याच रात्री दगावला होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९६८ च्या निकालात नुकसानभरपाई होती तीन हजार रुपये. पण त्यात न्यायालयाने सांगितलेली तीन कर्तव्ये आजही वैद्यकीय निष्काळजीपणाच्या खटल्यांत आधाराला घेतली जातात: रुग्ण हाती घ्यावा की नाही हे ठरवताना, कोणते उपचार द्यावेत हे ठरवताना आणि ते देताना वाजवी काळजी घेणे. डॉक्टर किती मोठ्या नावाचा आहे, याला त्यात सूट नाही. आणि मुंबई-पुण्याला नेले म्हणजे रुग्ण सुरक्षित झाला, हेही त्या प्रकरणाने खोटे ठरवले.

शेवटचा समज असा की पदवी एकदा मिळाली की ती जन्मभराची. ब्रिटनमध्ये डिसेंबर २०१२ पासून डॉक्टरला दर पाच वर्षांनी परवाना पुन्हा पक्का करावा लागतो. त्यासाठी दरवर्षीचा आढावा लागतो, सहकाऱ्यांचे आणि रुग्णांचेही मत घेतले जाते. महाराष्ट्रातही दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण असते आणि त्यासाठी तीस क्रेडिट गुण लागतात. फरक एवढाच की आपले गुण मुख्यतः परिषदा आणि व्याख्यानांना हजर राहून मिळतात. थिएटरातले काम कोणी पाहत नाही. यात बदल व्हायला हवा.

तोवर रुग्णाच्या हातात जे आहे ते त्याने वापरावे. डॉक्टरने नोंदणी क्रमांक दवाखान्यात, चिठ्ठीवर आणि पावतीवर लिहिणे बंधनकारक आहे. विषयाची खास पात्रता नसताना स्वतःला तज्ज्ञ म्हणवण्याला २००२ च्या नियमांनी बंदी केली आहे. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर नाव किंवा क्रमांक टाकून डॉक्टरची नोंद तपासता येते. एमबीबीएसनंतरची पात्रता तिथे नोंदलेली आहे का, हेही पाहावे. आणि ऑपरेशनच्या आधी सर्जनला सरळ विचारावे, ‘डॉक्टर, हे ऑपरेशन तुम्ही वर्षाला किती करता? भूल कोण देणार? काही बिघडले तर रुग्णाला कुठे हलवणार?’ चांगला सर्जन या प्रश्नांनी रागावत नाही, आणि जो रागावेल त्याच्याबद्दल दुसऱ्या डॉक्टरचे मत जरूर घ्यावे.