सूर चकत्यांचा, डोल भोंग्याचा

जुना हॅमंड बी-3 घ्यायला निघालेल्याने लाकडाची चकाकी शेवटी पाहावी. बाक आणि पायपट्ट्या धरून सुमारे 190 किलोंचं हे धूड वरून देवघरातल्या फर्निचरासारखं देखणं दिसतं, पण पैसे मोजायचे ते आतल्या यंत्राचे. बालगंधर्वांच्या काळात रंगभूमीवर जो ऑर्गन होता, त्यात पायाने भाता मारून पत्त्या वाजवल्या जात. बी-3 मध्ये ना भाता, ना पत्ती.

याचा जनक लॉरेन्स हॅमंड शिकागोत विजेची घड्याळं बनवायचा. विजेच्या कंपनांशी गती बांधलेली मोटर त्याची खासियत. मंदीत घड्याळांचा धंदा बसला, तेव्हा त्याने पत्ते आपोआप पिसून वाटणारं ब्रिजचं टेबलही विकून पाहिलं. त्याला स्वतःला वाद्य वाजवता येत नव्हतं. पण मोटर होती, आणि 1934 साली तिच्यावर चालणाऱ्या ऑर्गनचं पेटंट त्याला मिळालं. पुढच्या वर्षी तो बाजारात आला.

आतली रचना एखाद्या कारखान्यात शोभावी अशी आहे. एकाच मोटरवर 91 पोलादी चकत्या फिरतात, प्रत्येकीच्या कडेला ठराविक उंचवटे. शेजारी चुंबक, त्याभोवती तारेचं वेटोळं. उंचवटे समोरून सरकले की वेटोळ्यात क्षीण प्रवाह उमटतो, आणि त्याच्या कंपनांचा होतो स्वर. चकत्यांचा वेग दातेरी चाकांनी बांधलेला असल्यामुळे ऑर्गन बेसूर होत नाही. वादक नऊ-नऊ ड्रॉबार मागे-पुढे ओढून स्वराचा रंग ठरवतो. पाइप ऑर्गन न परवडणाऱ्या चर्चनी तो उचलून धरला. पाइपवाल्यांना ते झोंबलं आणि याला ऑर्गन म्हणावं का, हे प्रकरण अमेरिकी व्यापार आयोगापर्यंत गेलं. शिकागो विद्यापीठाच्या प्रार्थनामंदिरात दोन्ही वाद्यं पडद्याआड वाजवली गेली, तेव्हा श्रोत्यांना दर वेळी फरक ओळखता आला नाही.

डॉन लेस्लीला मात्र 1937 मध्ये घरी आणलेला हॅमंड फिका वाटला. मोठ्या सभागृहात घुमणारा आवाज लहान खोलीत कोरडा पडत होता. त्याने ध्वनीच फिरवायचा ठरवला. लेस्लीच्या कमरेएवढ्या लाकडी पेटीत वर दोन तोंडांचा भोंगा फिरतो. त्यातलं एक तोंड मुकं, केवळ तोल सांभाळायला. खाली 15 इंची स्पीकरसमोर पोकळ पिंप गरगरतं. आवाज जवळ येतो, लांब जातो, आणि स्वर किंचित चढतो-उतरतो. खरी गंमत वेग बदलताना. वादकाने बटण दाबलं की हलका भोंगा लगेच पळू लागतो, जड पिंप रेंगाळत काही सेकंदांनी त्याला गाठतं. मधल्या वेळात तार आणि खर्ज वेगवेगळ्या लयींत डोलतात. डिजिटल नकलांची खरी परीक्षा इथेच होते.

हॅमंडने लेस्लीला नकार दिला, आपल्या विक्रेत्यांनाही तो स्पीकर ठेवायला मनाई केली. तरी जिमी स्मिथचा जॅझ, कृष्णवर्णीयांच्या चर्चमधलं गॉस्पेल आणि डीप पर्पलच्या जॉन लॉर्डचं रॉक ही जोडी घेऊनच वाढलं. कळ दाबताना होणारी ‘टिक’ कंपनीला दोष वाटे, वादकांनी तिलाच डोक्यावर घेतलं. असा निकाल श्रोतेच लावतात, अभियंते नव्हेत.

आता खरेदी. बी-3 चं उत्पादन 1974 मध्ये थांबलं. त्याचीच यंत्रणा बंदिस्त खोक्यातल्या, चर्चसाठी केलेल्या सी-3 मध्ये आणि घरगुती ए-100 मध्ये आहे. हौस आवाजाची असेल तर हे सहसा स्वस्त पडतात. चालू करायची रीत वेगळी: आधी ‘स्टार्ट’ची कळ काही सेकंद दाबून धरायची, मग ती न सोडता ‘रन’ लावायची. चकत्यांनी वेग घेतला नाही, तर बहुधा तेल आटलेलं असतं. तेल वर्षातून एकदा, तेही हॅमंडचंच. शिवणयंत्राचं घातलं तर आतले तेल वाहून नेणारे धागे चिकटतात. एकेक ड्रॉबार ओढून प्रत्येक कळ वाजवा. लेस्लीचे 122 आणि 147 दिसायला जुळे, दोघांच्या केबलला सहाच पिना, पण जोडणी निराळी. एकाची केबल दुसऱ्याला लावली तर नुकसान होऊ शकतं.

अमेरिकेतून कुणी नातेवाईक पाठवणार असेल, तर आणखी एक गोष्ट. तिथली वीज 60 हर्ट्झची, आपली 50 ची. मोटर कंपनांवर चालत असल्यामुळे तिथला ऑर्गन इथे सफेद एक दाबल्यावर जवळपास खालच्या सफेद सहाचा सूर देतो. व्होल्टेज बदलणारा ट्रान्सफॉर्मर इथे कामाचा नाही, कंपनसंख्या बदलणारं उपकरणच लागतं. म्हणून भारतात वाजवायचा असेल, तर युरोपात विकलेला, 50 हर्ट्झचा नग शोधा. आणि तो जिन्यावरून चढवायला किमान चार माणसं ठेवा.