आक्रमक मासे व त्यांचे नियंत्रण

आक्रमक मासे व त्यांचे नियंत्रण : आपल्या मूळ प्रदेशाबाहेर नेल्यावर ज्या माशांची संख्या अनिर्बंध वाढते व ज्यांच्यामुळे स्थानिक जलचरांचा ऱ्हास होतो, त्यांना आक्रमक मासे म्हणतात. त्यांच्या नियंत्रणाची पद्धती मुख्यतः जलाशयाच्या स्वरूपावर अवलंबून असते. हिंदी-पॅसिफिक सागरातील सिंहमासा (टेरोईस व्होलिटान्स) हे याचे ठळक उदाहरण होय. १९८५ मध्ये तो फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावर आढळला व पुढे कॅरिबियन समुद्रातील प्रवाळभित्तींवर पसरला. पाणबुडे भाल्याने त्याची शिकार करतात. तथापि तो १०० मी. पेक्षाही खोल पाण्यात राहत असल्याने त्याचा समूळ नाश करता येत नाही, केवळ संख्या मर्यादित ठेवता येते.

गोड्या पाण्यात भारतात दोन जाती विशेष उपद्रवी ठरल्या आहेत. मोझँबिक टिलापिया (ओरिओक्रोमिस मोसांबिकस) १९५२ मध्ये भारतात आणला गेला. मादी अंडी व पिले तोंडात सांभाळते. त्यामुळे पिलांची हानी कमी होऊन जलाशयात खुज्या माशांची दाटी होते. दुसरी जात आफ्रिकी मांगूर (क्लॅरियस गॅरीपायनस) होय. बाजारात तो ‘थाई मांगूर’ या नावाने विकला जातो. तो १ मी. हून अधिक लांब वाढतो, इतर मासे खातो व हवेतील ऑक्सिजन घेऊ शकत असल्याने चिखलातही तग धरतो. भारत सरकारने २००० मध्ये त्याच्या संवर्धनास बंदी घातली. राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१९ मधील आदेशानंतर महाराष्ट्रात उजनी जलाशयालगतच्या इंदापूर तालुक्यात अशी तळी नष्ट करण्यात आली.

चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांत हा प्रश्न मामा (माजी मालगुजारी) तलावांशी निगडित आहे. गोंडपिपरीच्या परिसरातील तलावांचे पाणी पावसाळ्यात सांडव्यावरून ओढ्यांत व तेथून वर्धा-वैनगंगेत जाते. या नद्यांच्या संगमानंतर प्रवाहास प्राणहिता म्हणतात व ती गोदावरीस मिळते. परदेशी मासा एकदा नदीत उतरला, की प्रवाळभित्तीप्रमाणेच तेथेही त्यास परत काढणे जवळजवळ अशक्य होते. मरळ, शिंगी व देशी मांगूर यांवर ढीवर समाजाची उपजीविका बरीचशी अवलंबून असल्याने ही हानी केवळ निसर्गाची नसते.

तलाव मात्र आटविता येतो, हीच येथील मोठी सोय होय. उन्हाळ्यात पाणी किमान पातळीवर असताना जाळी ओढून देशी मासे प्रथम वेगळे करतात. तळ भेगा पडेपर्यंत वाळविला, तर चिखलात दडलेले मांगूरही मरतात. तलाव पूर्ण आटत नसल्यास मोहाची पेंड वापरतात. तिच्यातील सॅपोनीन या द्रव्यामुळे मासे मरतात. मात्र ते खाण्यास योग्य राहतात. एक हेक्टर क्षेत्रातील १ मी. खोल पाण्यास सु. २,००० ते २,५०० किग्रॅ. पेंड लागते व तिचा विषारी प्रभाव दोन-तीन आठवडे टिकतो. ती देशी-परदेशी असा भेद करीत नसल्याने पिण्याच्या पाण्याच्या तलावात हा उपाय टाळणे इष्ट असते.

प्रतिबंध हाच सर्वांत स्वस्त उपाय होय. मत्स्यबीज मान्यताप्राप्त केंद्रांतून घेणे, सोडण्यापूर्वी ते निवडून पाहणे, सांडव्यावर बारीक जाळी बसविणे व शोभेचे मासे तलावात न सोडणे, ही खबरदारी मच्छीमार सहकारी संस्थांना अल्प खर्चात घेता येते. सांडवा वाहू लागण्यापूर्वी केलेल्या उपायांनीच नदीतील देशी माशांचे रक्षण होते.