चिल्लई कलानच्या पोटातला वसंत

काश्मीरमध्ये २१ डिसेंबरला चिल्लई कलान लागतो. चाळीस दिवसांची ही थंडी इतकी कडाक्याची की दल सरोवराच्या कडेचं पाणी गोठतं आणि माणसं फेरनच्या, म्हणजे लांब अंगरख्याच्या, आत निखाऱ्यांची कांगडी धरून बसतात. अशा दिवसांत श्रीनगरच्या बदामवारीतला बहर किंवा झबरवानच्या पायथ्याची ट्युलिपची बाग आठवत बसणं म्हणजे मनाचे लाड, असं कुणालाही वाटेल. पण त्यामागे फूल तेव्हा नसतंच, असं गृहीत धरलेलं असतं आणि तिथंच चूक होते. शरद ऋतूत लावायला काढलेला ट्युलिपचा कांदा उभा चिरून पाहावा. गाभ्यात इवल्याशा पाकळ्या, पुंकेसर, सगळं जागच्या जागी असतं. कांदा उन्हाळ्यात कोरडा पडलेला असतानाच ते घडून गेलेलं असतं. पुढं त्याला हवी असते ती थंडी, जातीनुसार साधारण १२ ते १६ आठवडे. ती मिळाली नाही तर दांडा खुजा राहतो किंवा कळी आतच सुकते. बदामाच्या कळ्याही आदल्या उन्हाळ्यातच धरलेल्या असतात आणि थंडीचे ठरावीक तास भरल्याशिवाय त्या उबेला दाद देत नाहीत. जानेवारीत दोन दिवस ऊन पडलं म्हणून फसायला नको, याची ही तजवीज. रानातही तेच. बर्फ वितळताच उतारावर उमलणारं पिवळं विर्किम पोश हिवाळाभर कंदाच्या रूपात मातीखाली असतं.

थंडीनं फुलं मरतात त्याचं काय? मरतात खरी, पण ती बहुधा जागी झालेली. झोपलेली कळी जे सोसते ते उमललेल्या फुलाला सोसत नाही. म्हणून बदामाला जानेवारीच्या बर्फापेक्षा मार्चमधल्या एका गारठलेल्या रात्रीचं भय जास्त. दुसरा आक्षेप असा की झाडाला मेंदू नाही, मग ‘थंडी लक्षात ठेवणं’ ही निव्वळ कविकल्पना. इथं इंग्लंडमधल्या नॉरिचच्या जॉन इनेस सेंटरमध्ये कॅरोलाइन डीन यांनी केलेलं काम पाहावं. मोहरीच्या कुळातल्या अराबिडॉप्सिस या रोपट्यात फुलोरा रोखून धरणारं एक जनुक थंडीत हळूहळू बंद होतं. ऊब परतली तरी ते बंदच राहतं, नव्या पेशींतही, आणि थेट बी धरताना पुन्हा सुरू होतं. कारण सरल्यावरही टिकणाऱ्या खुणेला आठवण म्हणायला काय हरकत आहे? ट्युलिप आणि बदामाची यंत्रणा हुबेहूब हीच आहे असं मात्र नव्हे.

जानेवारी २०२४मध्ये गुलमर्गचे उतार ऐन चिल्लई कलानात उघडे पडले, तेव्हा बातम्या झाल्या त्या हिरमुसलेल्या पर्यटकांच्या. फुलांचा विचार फारसा कुणी केला नाही. कोकणातल्या बागायतदाराला मात्र तो सांगावा लागला नसता. हापूसची तऱ्हा वेगळी, पण मोहोराला रात्रीचा गारवा त्यालाही लागतो, आणि डिसेंबर उबदार गेला की त्याची कुरकुर सुरू होते: अजून थंडी पडत नाही.