पुढं असलेला पैलवान मागं का सरतो? समजून घ्या एका गुणाच्या कुस्तीचं गणित

लालबाग-परळच्या गिरण्यांत उमेद घालवून गावी परतलेली जुनी मंडळी मातीतल्या कुस्तीची. पाठ लागली की निकाल, एवढंच त्यांना ठाऊक. नातवंडं मात्र मोबाईलवर मॅटची कुस्ती बघतात. मग पारावर वाद ठरलेला : "हा कसला चॅम्पियन? पुढं गेला आणि पळत सुटला!" हे पळणं की डोकं?

मॅटवर कुस्ती ६ मिनिटांची. ३-३ मिनिटांचे दोन डाव, मध्ये ३० सेकंद विश्रांती. पट काढून ताबा घेतला तर २ गुण. समोरच्याला रिंगणाबाहेर ढकललं तर १ गुण. १० गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथंच संपते. तेवढी आघाडी नसेल तर घड्याळ बघूनच लढावं लागतं.

जानेवारी २०२० मध्ये पुण्यात बालेवाडीला महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती झाली. नाशिकचा हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके, दोघेही वस्ताद काका पवारांचे पठ्ठे. एकाच तालमीतले म्हटल्यावर एकमेकांचे डाव तोंडपाठ. निकाल लागला ३-२, हर्षवर्धन जिंकला. जिंकल्यावर त्यानं शैलेशलाच खांद्यावर उचलून घेतलं. एप्रिल २०२२ मध्ये साताऱ्यातही तसंच. कोल्हापूरच्या पृथ्वीराज पाटीलनं मुंबईकडून उतरलेल्या विशाल बनकरला ५-४ असं हरवलं आणि कोल्हापूरला २१ वर्षांनी गदा मिळाली. दोन्हीकडं फरक एका गुणाचाच.

अशा कुस्तीत आघाडीवरच्यानं उगाच अंगावर जाऊन पट काढायचा प्रयत्न केला आणि तो फसला, तर समोरचा मागून ताबा घेतो. हातचे २ गुण जातात. म्हणून तो पवित्रा खाली ठेवतो, हात बांधून धरतो, समोरच्याला पुढं येऊ देतो. हा बचाव आहे, पळ नव्हे.

पण नुसतं टाळत राहिलं तरी चालत नाही. पंच आधी समज देतात. पुन्हा तसंच केलं तर ३० सेकंदांची वेळ लावतात. तेवढ्यात कुणालाच गुण मिळाला नाही तर समोरच्याला १ गुण. पकड सोडून पळालं तर ताकीद, वर समोरच्याला गुण.

नुसती आघाडी धरून बसणं किती महागात पडतं, ते ६ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये दिसलं. टोकियोत एकही गुण न देता सुवर्ण जिंकलेली जपानची युई सुसाकी २-० नं पुढं होती. तिचे दोन्ही गुण विनेश फोगाटच्या निष्क्रियतेचे. विनेशनं दम राखून ठेवला आणि शेवटच्या काही सेकंदांत ताबा घेतला. २-२! बरोबरीत मोठ्या डावाचं पारडं जड, म्हणून विनेश पुढं. जपाननं दाद मागितली, ती फेटाळली गेली, त्याचा आणखी १ गुण. निकाल ३-२.

म्हणजे बचाव करावा, पण शेवटचा अर्धा मिनिट पुरेल एवढा दम आणि एक हुकमी डाव हाताशी ठेवून. आपल्या तालमींतल्या पोरांना हेच शिकवायला हवं. मातीतला डाव येतो, घड्याळ येत नाही. निवड चाचणीत एका गुणानं हरलेला पोरगा वर्षभर मागं पडतो, घरच्यांचा खुराकाचा खर्च मात्र थांबत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी पुढं असलेला पैलवान मागं सरला, तर शिट्टी मारण्याआधी दोन गोष्टी बघा : फळ्यावरचे गुण आणि उरलेले सेकंद.